बाबांची पायी गस्त

आमच्या पोलीस ठाण्यात मला तोंडावर मॅडम म्हणतात आणि पाठीमागे फटाकडी. दोन्ही मला ऐकू येतं. त्या संध्याकाळी मात्र घरून मावशींचा फोन आला आणि फटाकडी जागच्या जागी विझली. मावशी म्हणजे माझ्या वडिलांना दिवसभर सांभाळणाऱ्या बाई. त्या वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेल्या होत्या, खाली येऊन बघतात तर दार सताड उघडं आणि बाबांचा पत्ता नाही.

बाबा निवृत्त हवालदार. अलीकडे त्यांना काहीच धड आठवत नाही. मला ते कधी ताई म्हणतात, कधी डॉक्टरीणबाई. जेवलो की नाही ते विसरतात, पण कुलूप दिसलं की हलवल्याशिवाय पुढे जात नाहीत. आमचं फाटक, शेजाऱ्यांचं फाटक, इतकंच काय, फ्रिजचं दारसुद्धा. दोनदा हलवायचं, मग तळहात टेकवून कान देऊन उभं राहायचं. हा आजाराचाच भाग, असं मी धरून चालले होते. फ्रिजसमोर कान देऊन उभ्या असलेल्या माणसाबद्दल दुसरं काय वाटणार?

मी गाडी काढायला सांगतेय तोवर नियंत्रण कक्षातून निरोप आला. बाजारामागच्या गल्लीत कुलुपं चाचपणाऱ्या एका म्हाताऱ्याला लोकांनी धरून ठेवलं होतं.

ती गल्ली आमच्यावर खार खाऊन होती, आणि उगाच नव्हे. पुढे दुकान, मागे घर, अशा एकमेकांना चिकटलेल्या दोन रांगा. मी शाळेत असताना तिथे लाठीमार झाला होता. बाहेरून आणलेल्या तुकडीने घरांत शिरून माणसांना झोडपलं. त्यानंतर तिथली पायी गस्त बंद झाली, वरून गाड्या मिळाल्या, आणि आम्ही काचा वर करून त्या गल्लीतून जायला लागलो. नुकत्याच तिथे घरफोड्या झाल्या, तेव्हा मी स्वतः दारोदार फिरले. कुणी काही पाहिलं नव्हतं, कुणी काही ऐकलं नव्हतं, आणि कुणी मला बसासुद्धा म्हटलं नाही. आता त्याच लोकांच्या हातात, चोर म्हणून, माझा बाप सापडला होता.

दुकानं बंद व्हायची वेळ होती. बहुतेक शटरं खाली आली होती. गर्दीमुळे गाडी गल्लीच्या तोंडाशीच अडकली, म्हणून मी उतरून धावले. घोळक्याच्या मधोमध बाबा उभे होते. खाली पायजमा, वर माझा जुना स्वेटर, काखेत छत्री. एका तरुण गॅरेजवाल्याने त्यांचा दंड धरला होता.

"बोल, कुणाचा माणूस तू? कुणासाठी टेहळणी करतोस?"

"हात सोड," बाबा म्हणाले. "गस्त चालू आहे."

हा आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. त्यात भीती नव्हती, राग नव्हता. लोक मात्र हसले. "गस्त? पोलीस कधीपासून पायी यायला लागले आजोबा?" कुणीतरी म्हणालं.

तेवढ्यात मी पोचले आणि माझ्या स्वभावाप्रमाणे व्हायचं तेच झालं. "माझे वडील आहेत ते," मी ओरडले. "केसाला धक्का लागला तर एकेकाला बघून घेईन."

घोळका मागे सरकायच्या ऐवजी आणखी घट्ट झाला. गॅरेजवाल्याने माझ्या गणवेशाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बघून तर घेतलंच आहे तुम्ही लोकांनी. माझ्या आजोबांचा हात शेवटपर्यंत सरळ झाला नाही."

माझ्यामागे ड्रायव्हर होता, वायरलेस होता, कमरेला पिस्तूल होतं, आणि यातलं काहीही उपयोगाचं नव्हतं. मी फक्त त्याच्या बोटांकडे बघत होते. बाबांचा दंड किती बारीक झालाय, ते मला तेव्हा दिसलं.

या सगळ्यात बाबांचं कुणाकडेच लक्ष नव्हतं. गॅरेजवाला माझ्याशी बोलतोय तोवर त्यांनी हात सोडवून घेतला आणि ते शेजारच्या शटरपाशी गेले. चाव्या बनवणाऱ्याचं दुकान होतं ते. त्यांनी कुलूप दोनदा हलवलं, तळहात पत्र्यावर टेकवला आणि मान वाकडी करून थांबले.

आतून बारीक आवाज आला. "आहे."

सगळा घोळका शटरकडे वळला.

"गुडघा कसा आहे, वहिनी?" बाबांनी शटरला विचारलं.

बाबा हात न काढता थांबले. मग, "तसाच आहे. कुठं होतात इतके दिवस?"

"बदली झाली होती."

चावीवाला घोळक्यातच उभा होता, पिकल्या केसांचा माणूस. त्याने भिंतीला हात टेकला. "आई आहे माझी," तो म्हणाला. "सहा महिने झाले, ती आमच्याशीसुद्धा धड बोलत नाही." मग तो गॅरेजवाल्याकडे वळला. "अरे, हे आपले हवालदार. रोज या वेळेला यायचे. कुलूप हलवलं की आतून 'आहे' म्हणायचं. आवाज नाही आला तर मागच्या दाराने आत यायचे. माझे वडील असेच पडलेले सापडले यांना. पाठीवर घालून दवाखान्यात नेलं होतं."

"आणि आम्हाला झोडपलं त्या दिवशी कुठं होते?"

"त्याच्या आदल्याच आठवड्यात यांना दुसरीकडे धाडलं. हा माणूस गल्लीला फार ओळखतो, असं वरचे म्हणाले म्हणे."

हे मला ठाऊक नव्हतं. बाबांनी घरी कधी अवाक्षर काढलं नव्हतं.

बाबा पुढच्या शटरपाशी पोचले होते. ते गॅरेज होतं. त्यांनी कुलूप हलवलं, हात टेकवला, थांबले. आत कुणी नव्हतं, कारण मालक तर माझ्यासमोर उभा होता. तो क्षणभर बाबांच्या वाकलेल्या पाठीकडे बघत राहिला. मग शेजारच्या बोळातून पळत गेला. मागचं दार वाजल्याचं मला ऐकू आलं.

"आहे," आतून तो म्हणाला. दम लागला होता त्याला.

आणि मग सगळी गल्लीच पळाली. शिंपी, भांडीवाला, दोन शाळकरी मुलींना हाताला धरून त्यांची आई, जो तो आपापल्या घराकडे. पाहता पाहता रस्त्यावर बाबा आणि मी, दोघंच उरलो. ते पुढे, मी त्यांच्या मागे. कुलूप हलायचं आणि आतून आवाज यायचा. आहे. कुणाचा घोगरा, कुणाचा खोकल्यातून. एका शटरमागून त्या दोन्ही मुली एकदम म्हणाल्या आणि खुदकन हसल्या. बाबा प्रत्येक ठिकाणी उत्तर येईपर्यंत थांबत होते.

मी मंत्र्यांचे बंदोबस्त केलेत, मैदानं भरून माणसं पाहिलीत. पण अंगावर असा काटा कधी आला नव्हता. कधीकाळी एवढी मोठी गल्ली एका माणसाच्या तळहातावर चालायची, आणि तो माणूस माझ्या घरात फ्रिजला कान लावून उभा असायचा. गेला महिनाभर माझ्याशी एक शब्द न बोललेले लोक बंद दारांआडून, एकामागून एक, त्याला आपण असल्याचं सांगत होते. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि मी त्या पुसत नव्हते.

शेवटचं शटर झालं. "बाबा, चला घरी," मी म्हणाले.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "ताबा घ्यायला माणूस येईपर्यंत जागा सोडता येत नाही." मग माझ्या गणवेशाकडे त्यांची नजर गेली. "तुला पाठवलंय का? नवीन दिसतेस."

मी टाचा जुळवून सलाम ठोकला. "हो साहेब. ताबा घ्यायला आलेय."

त्यांना बरं वाटलं. त्यांनी काखेतली छत्री माझ्या हातात दिली आणि आवाज खाली आणला. "हलवलं की थांबायचं. म्हाताऱ्या माणसांना उत्तर द्यायला वेळ लागतो, घाई करायची नाही. आणि आवाज कसा येतोय ते ऐकायचं. नुसतं आहे तर सगळेच म्हणतात."

"हो."

"मग मी निघतो," बाबा म्हणाले. "घरी पोरगी थांबलेली असते. कितीही उशीर होऊ दे, बाप आल्याशिवाय जेवायला बसत नाही ती."

"थांबलीय," मी म्हणाले. "चला, मी येते तुमच्याबरोबर."