व्हाइटनरखालची पट्टी

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. गावांचा नव्हे, कामांचा. कोणतं काम आधी, कोणतं नंतर, कुठे विचारायचं आणि कुठे थांबायचं, ते माझ्यावर काढलेलं आहे. संगणकाची माणसं मला ॲक्टिव्हिटी डायग्राम म्हणतात. सध्या मी कपाटावर गुंडाळी होऊन पडलो आहे.

मला ताईंनी काढलं. ऑफिसात सगळे त्यांना ताईच म्हणत. एका दवाखान्यासाठी प्रोग्रॅम करायचा होता. ताई तीन दिवस त्या दवाखान्यातल्या बाकावर बसून राहिल्या. नर्स कुठे जाते, औषध कोण काढतं, रक्त तपासायला कोण नेतं, सगळं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. मग चार मोठे कागद चिकटवून मला काढलं आणि कोपऱ्यात सही केली.

माझ्या मधोमध एक जाड काळी पट्टी होती. तोच माझा जीव. डॉक्टरांनी इंजेक्शन लिहून दिलं की काम दोन वाटांनी जाई. एका वाटेने औषध तयार होई, दुसऱ्या वाटेने रक्ताचा रिपोर्ट येई. आधी येणारी वाट त्या पट्टीपाशी दुसरीसाठी थांबे. दोन्ही आल्या की मगच नर्सला पडद्यावर दिसे, ‘इंजेक्शन द्या’. प्रोग्रॅम करणाऱ्यांनी माझ्याकडे बघून तसंच लिहिलं होतं.

मला भिंतीवर मानाची जागा मिळाली. नवीन आलेल्यांना आधी माझ्यासमोर उभं करत. गेटवरचे काका सकाळी टपाल घेऊन वर येत, तेही मला न्याहाळत.

“ही काय सापशिडी मांडलीय, ताई?” ते एकदा म्हणाले.

“सापशिडीच समजा काका. फक्त साप एकही ठेवला नाही,” ताई हसल्या.

मग ताई लेकीच्या आजारपणात आठ दिवस रजेवर गेल्या. तेवढ्यात साहेबांनी माझ्या पट्टीवर व्हाइटनर फासलं आणि त्यावर पेनाने एक तिरका चौकोन काढला. ताई परत आल्या आणि माझ्यासमोर थबकल्याच.

“नर्स बोंबलतायत हो,” साहेब म्हणाले. “औषध हातात असून ताटकळावं लागतं. म्हणून काढली पट्टी.”

“साहेब, पट्टी म्हणजे ‘आणि’. हा चौकोन म्हणजे ‘किंवा’. औषध किंवा रिपोर्ट, जे आधी येईल त्यावर इंजेक्शन द्यायचं, असं झालं हे.”

“‘आणि’ काय, ‘किंवा’ काय! व्याकरणाचा तास आहे का हा? बदल लागूसुद्धा झालाय.”

ताई दोनदा बोलल्या. तिसऱ्यांदा गप्प बसल्या. लिहून काहीच दिलं नाही. त्यांनाही घर चालवायचं होतं.

पुढच्याच महिन्यात काकांची बायको त्या दवाखान्यात दाखल झाली. औषध आधी आलं. पडद्यावर ‘इंजेक्शन द्या’ आलं. नर्सने दिलं. रिपोर्ट वीस मिनिटांनी आला. या बाईंना हे औषध देऊ नये, हे त्या रिपोर्टवरून कुणालाही कळलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

चौकशीला माणसं आली. त्यांनी मला टेबलावर पसरलं. एकाने चौकोनावर बोट ठेवलं, मग सहीवर.

“सही तुमचीच ना?”

“सही माझी. चौकोन माझा नाही.”

“मग कुणाचा?”

ताईंनी साहेबांकडे पाहिलं. साहेब चष्मा पुसत होते. पुसतच राहिले.

कुणी नखाने जरा खरवडलं असतं तर माझी पट्टी दिसली असती. कुणी खरवडलं नाही. जिने मला काढलं, तिच्याच विरुद्ध मी पुरावा झालो. ताईंना काढून टाकलं.

त्या सामान आवरत असताना काका वर आले. दाढी वाढलेली होती.

“मला अडाण्याला समजेल असं सांगा,” ते म्हणाले. “काय चुकलं?”

ताईंनी नखाने व्हाइटनर उकरलं. पट्टीचा काळा तुकडा दिसला.

“इथे थांबायचं होतं, काका. रिपोर्ट येईपर्यंत.”

“किती वेळ?”

“वीस मिनिटं.”

काकांनी त्या काळ्या तुकड्यावर बोट ठेवलं.

“आणि हे पुसलंय, ते तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“मग मला सांगायचं होतंत, पोरी. मी गेटवरच तर बसलेलो असतो. तिला दुसरीकडे नेलं असतं.”

काका जिना उतरून गेले.

मित्रांनो, प्रोग्रॅम त्याच आठवड्यात गुपचूप दुरुस्त झाला. मला मात्र कुणी दुरुस्त केलं नाही. तसं केलं असतं तर पट्टी आधी होती, हे कबूल करावं लागलं असतं. माझी एकच विनंती आहे. जिथे थांबायला सांगितलंय तिथे थांबा. आणि ती खूण कुणी पुसताना दिसला, तर दोनदा बोलून गप्प बसू नका. लिहा, सही करा, भांडा. मी भिंतीवरून सगळं पाहिलं, पण कागदाला तोंड नसतं. ज्यांना होतं, त्यांनी ते मिटून घेतलं.