ठिगळ कुठे लावायचं

एवढ्या वर्षांत शिंप्याने कुणाची बाही उलटी शिवली नव्हती. चुकला तो नेमका पोटच्या पोरीच्या बाबतीत!

चिमणी पाच वर्षांची. तिच्या डाव्या डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, तिथल्या मज्जातंतूंवर, जन्मापासून एक पांढरा डाग होता. त्या डोळ्याला धूसर दिसायचं, म्हणून मेंदूने त्याला कामावरूनच काढलं होतं. डॉक्टरीणबाईंनी चष्मा दिला आणि रोज चार तास पट्टी लावायला सांगितली. कुठल्या डोळ्यावर, तेही सांगितलं असणारच. पण 'जन्मापासून' हा शब्द ऐकल्यावर बापाचं लक्ष थाऱ्यावर कसलं! शेवटी शिंपीच तो. फाटलंय तिथे ठिगळ, म्हणून पट्टी डाव्या डोळ्यावर.

दीड महिन्याने बाईंनी विचारलं, "पट्टी लावली की रडते का हो?"

"छे! फार गुणी आहे. बसून बटणं निवडते."

"रडायला हवं होतं," बाई थबकल्या. "कुठला डोळा झाकता?"

त्याने डावा दाखवला.

"अहो, चांगला झाकायचा! तेव्हा कुठे आळशी डोळा कामाला लागेल."

शिंप्याच्या पायाखालची जमीनच सरकली. "म्हणजे माझ्यामुळे गेला डोळा?"

"गेला नाही. डाग राहील, नजर किती सुधारेल तेही सांगता येत नाही. पण पोर लहान आहे. आजपासून नीट करा."

त्या दिवशी उजवा डोळा झाकला आणि चिमणीने घर डोक्यावर घेतलं. "बाबा, काढा ना! तुम्ही मला दिसत नाही!" बिचाऱ्याचं काळीज तुटलं. पट्टी काढायला हात दोनदा पुढे गेला, शेवटी त्याने तो मांडीखाली दाबून धरला. मग कोटाची मोठाली बटणं तिच्यापुढे ओतली. रोज चार तास, रोज रडारड, रोज "बाबा दुष्ट आहेत!"

चौथ्या महिन्यातली एक दुपार. तो मशीनवर, ती त्याच्या पायाशी, उजवा डोळा झाकलेला.

"बाबा, लोकांचे शर्ट शिवता आणि तुमचंच बटण तुटलंय की!"

त्याने खाली पाहिलं. वरून तिसरं बटण खरंच गायब होतं.

"कुठल्या डोळ्याने पाहिलंस गं?"

"एकच तर उघडा ठेवलाय तुम्ही!" ती फणकारली.

शिंप्याने मशीन थांबवलं. "मग तूच दे एक शोधून," एवढंच म्हणाला. चिमणीने डब्यातून एक बारीक पांढरं बटण उचललं आणि बरोबर त्या रिकाम्या जागेवर धरलं.