तीन उन्हाळे उसवलेली गोधडी

गोधडी म्हटली की तुम्हाला झोप आठवते, मित्रांनो. मी जुनी गोधडी आहे खरी, पण माझी पहिली वर्षं अशी गेली की मला स्वतःलाच कधी डोळा लागला नाही. आज शिवलं, उद्या उसवलं. दोरा अंगात बसला म्हणून जरा कुठे अंग सैल सोडावं, तर दुसऱ्या दिवशी तोच दोरा उपसून काढायचा! अशाने कोणाला स्वस्थता लाभेल? तेव्हापासून मी जी चिडकी झाले, ती आजही आहे.

माझा जन्म महाडजवळच्या नाते गावाच्या बौद्धवाडीत, सोनाबाईंच्या पडवीत झाला. साल पंचाहत्तर असावं. खाली सोनाबाईंचं विटलेलं हिरवं लुगडं, मध्ये त्यांचे यजमान श्रीपतराव यांचे कामावरचे विरलेले खाकी शर्ट आणि वर शेजारपाजारहून जमवलेली रंगीत ठिगळं. सोनाबाईंच्या हाताला असं वळण होतं की शिमगा झाला की वाडीतल्या मुली दुपारी त्यांच्याकडे शिकायला येत. "नुसती ठिगळं जोडू नका गो," त्या सांगायच्या. "लालाच्या बाजूला लाल नको. उठून लांब जा नि बघा, डोळा कुठं अडकतो ता." मग मुली उठायच्या, अंगणात जाऊन डोळे बारीक करून बघायच्या आणि परत येऊन ठिगळं हलवायच्या. मनासारखी मांडणी झाली की काठापासून धावदोरा घालायचा, गोल गोल फिरत मध्यावर यायचं. पाऊस लागला की भुई ओलावते आणि लावणीची घाई उडते, म्हणून तेव्हा शिवण बंद.

मी वाट्याला आले ललिताच्या. ललिता ही सोनाबाईंची मुलगी, सातवीत शिकणारी, वाऱ्यासारखी चपळ. माझ्यावर पहिला टाका पडला त्याच दिवशी वीर गावाहून तिची आत्या सुंदराबाई आली होती. आत्याबाईंना आपल्या दिराच्या मुलासाठी ललिता हवी होती. थोरल्या बहिणीला नाही कसं म्हणायचं? श्रीपतराव म्हणाले, "आक्का, पोरीनं एक गोधडी आपल्या हातानं पुरी केली ना, की त्याच साली लगीन." सोनाबाईंनी मान खाली घालून सुईत दोरा ओवला. मी मात्र हरखून गेले. म्हणजे मी नवरीची गोधडी! पत्र्याच्या पेटीत बसून मी वीरला जाणार, पाहुण्यारावळ्यांत मिरवणार. कधी एकदा पुरी होते असं मला झालं.

ललिताचा हात भरभर चालायचा. मध्यावर जेमतेम ताटाएवढी जागा उरली तेव्हा सोनाबाईंनी मला पसरलं, वरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "टाके लांब पडलेत. उसव."

सगळे? हो, सगळे! ललिताचा चेहरा पडला. माझा तर संतापाने भडका उडाला. शेजारच्या रखमाची गोधडी माझ्या डोळ्यांदेखत पुरी झाली, घडी घालून घरी गेली. तिचे टाके कसे होते म्हणता? भाताच्या खाचरातल्या पोरासारखे, कुठेही पाय पडलेले! पण तिला शाबासकी मिळाली. मी माळ्यावर उंदरांच्या सोबतीला गेले.

दुसऱ्या उन्हाळ्यात तेच झालं. वाडीत बायका हसू लागल्या. "दुसऱ्यांच्या पोरींना शिकवते, नि सोताच्या पोरीला टाका येत नाय." दोन-तीन मुली शिकायला यायच्या बंद झाल्या. एका दुपारी ललिता माझ्यावर डोकं ठेवून रडली. "आये, मी येवढी वाईट शिवते का गो?" सोनाबाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला. "शिवण काय पळून जात नाय. जा, पुस्तक घे नि बस. पाणी मी आणते." मला वाटलं, काय दगडाची बाई आहे! मुलीची समजूत काढायची सोडून तिला अभ्यासाला पिटाळते!

तिसऱ्या उन्हाळ्यात आत्याबाई पुन्हा आल्या. या वेळी त्या लग्नाची बोलणी पक्की करूनच जाणार होत्या. श्रीपतराव कामावर गेले होते. आत्याबाईंनी मला मागितलं आणि अंगणात उन्हाकडे धरलं. मला वाटलं, आली आपली सुटका! कोणीतरी जाणती बाई शेवटी माझ्या बाजूने बोलणार.

आत्याबाई स्वतः उत्तम शिवायच्या. त्या बराच वेळ बघत राहिल्या. काठाची एक नवी ओळ सोडली तर दोरा निघून गेला होता, पण सुईची भोकं माझ्या अंगावर तशीच होती.

"सोना, ही भोकं बघ," त्या हळूच म्हणाल्या. "तांदळायेवढा टाका हाय. एका रेघेत हाय. कुठं वाकडा नाय. पोर चांगली शिवते. मंग उसवायला कशाला लावतेस?"

सोनाबाईंनी आधी दाराकडे पाहिलं. "वन्सं, तिची दहावी व्हायला एकच साल उरलंय."

तेव्हा कुठे मला त्या उसवण्याचा अर्थ कळला. आत घरात ललिता मोठ्याने भूगोल वाचत होती. आत्याबाई मला तशीच हातात धरून ऐकत उभ्या राहिल्या.

"मला दुसरीतनं काढली," त्या म्हणाल्या. "गुरुजी घरी आलेले बोलवायला. मी शेणाच्या हातानं भिंतीआड उभी ऱ्हायले." आणि त्यांनी पदराने डोळे पुसले.

संध्याकाळी श्रीपतराव आले. पाय धुता धुता त्यांनी विचारलं, "काय आक्का, झाली का गोधडी? तारीख धरूया ना?" ललिता दाराआड उभी होती. सोनाबाईंनी चुलीकडे तोंड फिरवलं. मी आत्याबाईंच्या मांडीवर होते. त्यांनी माझा काठ मुठीत घट्ट धरला.

"कसली तारीख रे!" आत्याबाई कडाडल्या. "तुझ्या पोरीला धड टाका घालता येत नाय. अशी सून नेऊन मी लोकांना काय तोंड दाखवू? फुडल्या साली बघू." मग त्यांनी सुई घेतली आणि माझ्या काठाची नवीकोरी, सरळ ओळ स्वतःच्या हाताने उसवायला घेतली. मित्रांनो, उसवण्याचा मला पहिल्यांदाच राग आला नाही. मला रडू आलं.

चौथ्या उन्हाळ्यात मला कोणी फारसं हातही लावला नाही. ललिता दहावी पास झाली, आणि आत्याबाईंच्या पुतण्याचं लग्न तोवर दुसरीकडे झालंही होतं. बाहेर पाऊस धो धो कोसळत होता, तरी सोनाबाईंनी पडवी पुसून कोरडी केली, मला पसरलं आणि मायलेकी रोज समोरासमोर बसू लागल्या. ललिताचं लक्ष पुढच्या शिक्षणाकडे लागलेलं. या वेळी तिचे टाके खरंच वाकडे पडले. सोनाबाईंनी ते पाहिले आणि दोऱ्याला गाठ मारली.

मी पेटीत बसून गेले खरी, पण वसतिगृहात. आता ललिताबाई पोलादपूरकडे, उमरठच्या शाळेत शिकवतात. माझा काठ फाटला आहे, पोटातल्या खाकीचे बोळे झाले आहेत. आणि झोप अजूनही धड नाही. वर्गातली एखादी मुलगी चार दिवस आली नाही की बाई माझ्याखाली या कुशीवरून त्या कुशीवर होत राहतात, आणि सकाळी उठून तिच्या घरी जातात.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी कोणी असेल तर तिला अधूनमधून ऊन दाखवा, काठ उसवला तर वेळेवर दोन टाके घाला. आणखी एक मागणं आहे. तुमची बहीण पुस्तक घेऊन बसली असेल आणि पाणी भरायला तिच्या नावाची हाक आली, तर तिला बसू द्या. कळशी तुम्ही उचला.