सनूबर खानुमच्या हातांवर लावलेली पैज

"नाही उठायची," तवक्कुल म्हणाला आणि त्यानं फासे फेकले.

"उठेल," मी म्हणालो.

"आगाबाला, तू न्हावी आहेस. केसांचं बोल. तीन वर्षं ती बाई नाचलेली नाही."

"तुझ्या पोरीच्या लग्नात नाचेल. लाव पैज!"

तुतीच्या झाडाखाली बसलेलं अख्खं अंगण साक्षीला होतं. हरेल त्यानं लग्नातच, सगळ्यांसमोर, बायकोची ओढणी पांघरून आणि डोक्यावर भरलेला चहाचा ग्लास ठेवून बायकांचा संथ नाच नाचायचा.

सनूबर खानुम आमच्या अंगणात वरच्या मजल्यावर राहते. मूळची शमाखी गावची. बाप नको म्हणत असताना पळून बाकूला आली आणि अठ्ठावीस वर्षं थिएटरात नाचली. मग नाच बसवायला लागली. त्यासाठी गावोगाव फिरायची, भाकरी भाजणाऱ्या म्हाताऱ्यांना म्हणायची, "आजी, तुमच्या लग्नात कशा नाचलात ते दाखवा." काखेत ढोल घेऊन नवरा गाझनफर मागे. तिची पावलं, त्याचा ताल. गालिचा विणणाऱ्या बायकांवर तिनं बसवलेला नाच बघून माझी आई रडली होती. मीही तिच्याकडे शिकायला होतो, सात दिवस. आठव्या दिवशी तिच्या बुटात बेडूक सापडला आणि माझं शिक्षण संपलं.

गाझनफर गेला आणि ढोल खिळ्याला टांगला गेला. शोक वर्षाचा असतो; तिचा तीन वर्षं झाली तरी सरला नाही. अंगणात टीव्हीसुद्धा हळू लागायचा. शोकातल्या शेजाऱ्याला विचारायच्या रीतीप्रमाणे तवक्कुल लग्नात वाजंत्री लावायची परवानगी मागायला गेला, तेव्हा ती म्हणाली, "वाजवा की. फक्त माझ्यापुढे कुणी हात उचलून नाचायला बोलवायला येऊ नका."

लग्नाला आली मात्र. काळी शाल गुंडाळून कोपऱ्यात बसली. पुलाव तसाच निवत ठेवला. नवरी आफाग समोरून नाचत गेली तरी नजर ताटात. पण मी न्हावी, माणसाची मान आधी बघतो. ढोल वाजला की तिची मान किंचित हलत होती.

म्हटलं, हिला बोलवायचं नाही. हिला चिडवायचं.

उठलो आणि तिच्यासमोरच नाचायला लागलो. मनगटं चपात्या उलटल्यासारखी, पाय उंटासारखे. ढोलवाल्यालाही आधीच सांगून ठेवलं होतं, दर चौथा ठोका खा. लोक हसून लोळायला लागले. ती दात आवळून बसली. एक फेरी. दोन. तिसऱ्या फेरीला शाल खुर्चीवर पडली.

"गाढवा, हात आहेत की खराटे?"

तिनं माझं मनगट धरलं, वळवलं. "इथून. खांद्यातून नाही. असं." आणि तिचे हात वर गेले. मग पावलं. झग्याखाली पाय हलताना दिसेचनात. बाई जमिनीवरून नुसती सरकत गेली. ढोलवाला ठोके खायचं विसरला. कुणी टाळीही वाजवली नाही.

"हरलो रे!" तवक्कुल ओरडला. "पैज तुझी!"

ती थांबली. "कसली पैज?"

मला तोंड लपवायला ढोलसुद्धा पुरला नसता. तवक्कुलची बायको पुटपुटली, "खानुम, हे दोघे मेले... तुम्ही नाचाल की नाही यावर... हरेल त्यानं ओढणी पांघरून, डोक्यावर ग्लास ठेवून नाचायचं..."

 आता ही वर जाणार आणि पुन्हा कधी खाली येणार नाही, असं वाटलं. 

"तीन वर्षं," ती हळूच म्हणाली, "जिन्यात सगळे माझ्याशी दवाखान्यात असल्यासारखे बोलतात. माझ्यावर पैज लावायचं कुणाला सुचलं नाही."

मग माझ्याकडे वळली.

"पण मी नाचले नाही. शिकवलं. हरलास तू."

"खानुम, हा अन्याय..."

"ओढणी आणा रे याला!"

ती जिना चढून गेली. खाली आली तेव्हा काखेत गाझनफरचा ढोल होता. खुर्चीत बसली, बोटांनी त्याच्यावरची धूळ पुसली. पहिला ठोका चुकला. दुसरा नाही.

मी गुलाबी ओढणीत, डोक्यावर ग्लास, उकळता चहा कानामागून मानेत उतरतोय.

"पाय दिसतायत, आगाबाला!" ती ओरडली. "पुन्हा पहिल्यापासून!"