ब्लूटूथचा कीबोर्ड आणि कुलूपबंद डिस्क

"साहेब, डोंगलवाला कीबोर्ड घ्या. हा एवढासा तुकडा यूएसबीत खोचला की झालं," दुकानदार म्हणाला होता. पण गिऱ्हाईक असलेला प्रूफरीडर कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी पेंग्विनच्या चिन्हाचं लिनक्स वापरायचा, आणि लिनक्स वापरणाऱ्याला सोपी गोष्ट सुचवली की अपमान वाटतो. डोंगलमुळे एक पोर्ट उगाच अडतो, यावर दुकानदाराला व्याख्यान देऊन त्यानं ब्लूटूथचा कीबोर्ड-माऊस घेतला. घरी येऊन स्क्रीनवरचे आकडे नव्या कीबोर्डवर टाइप केले, एंटर मारलं, जोडी जमली. त्या आनंदात जुना वायरवाला कीबोर्ड भंगारात गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको कॉम्प्युटरवरून जेवायला उठली, तेवढ्यात त्यानं अपडेट टाकून मशीन रीस्टार्ट केलं. काळ्या स्क्रीनवर डिस्कचा पासवर्ड मागणारी ओळ आली. त्यानं टाइप केला. एक टिंबही उमटलं नाही. पुन्हा, जोरात. शून्य.

मग त्याच्या लक्षात आलं. ब्लूटूथ जागं होणार डिस्क उघडल्यावर, आणि डिस्क उघडायला हवा तोच कीबोर्ड. चोरांच्या भीतीनं डिस्क त्यानंच कुलूपबंद केली होती. चोर काही आला नाही. मालक मात्र बाहेर राहिला.

आत बायकोचा प्रबंध होता, कित्येक वर्षांचा. त्याची दुसरी प्रतही मोठ्या शहाणपणानं त्याच डिस्कवर ठेवलेली.

"झालं का रे? पाचच्या आत पाठवायचाय," स्वयंपाकघरातून आवाज आला.

"होतंय," तो म्हणाला. आणि पुन्हा एंटर मारलं.

ती हात पुसत आली, स्क्रीन पाहिली, त्याचा चेहरा पाहिला. ओरडली नाही. तिनं फक्त समोरच्या घरातल्या भावाला फोन लावला.

मेहुणा आपला डोंगलवाला कीबोर्ड काखेत मारून हजर. "काय पेंग्विनराव, अडलं का घोडं?" डोंगल खोचला, आणि टिंबं उमटू लागली. पण प्रूफरीडर घाईघाईनं टाइप करत होता. पासवर्ड चुकला. पुन्हा चुकला.

"सरका, भावोजी. तुम्ही सांगा, मी टाइप करतो."

"नको, मीच..."

"सांग!" बायको म्हणाली.

त्यानं भिंतीकडे बघत सांगितलं. "मेहुणा... अतिशय... फुकट्या. सगळं सलग. इंग्रजी अक्षरांत."

बायकोनं भावाकडे पाहिलं.

"कॅपिटल कुठे आहे का?" मेहुण्यानं विचारलं.

"मेहुण्यातला पहिला एम."

"चला, तेवढा तरी मान ठेवलात." त्यानं एकेक अक्षर सावकाश दाबलं, एंटर मारलं. स्क्रीन उजळली.

बायकोनं खुर्ची ओढली, फाइल शोधली, पाठवली. निळी पट्टी सरकत होती तोवर त्यानं श्वास घेतला नाही. प्रबंध पोचला. त्यानं भिंतीला पाठ टेकली, सुटलो म्हणाला, मनातल्या मनात.

मग बायकोनं खुर्ची त्याच्याकडे वळवली. मेहुणाही हाताची घडी घालून पलंगावर ऐसपैस बसला.

"हं," ती म्हणाली, "आता बोल."