केंद्र सुधारलं तेव्हा

दहावीचा निकाल लागला आणि त्यानंतरच्या सोमवारी अनसूयाने लेकीच्या केसांना तेल जरा जास्तच चोपडलं. दोन वेण्या इतक्या घट्ट घातल्या की शिवांगीच्या भुवया वर ओढल्या गेल्या.

"आये, पुरे गो! डोळे मिटंना आता."

"गप बस. सरकारी हापिसात जायचंय. केस पिंजारलेले दिसले तर बाई म्हणतील, आईला वेळ न्हाय."

"मनोरमाबाई तसं कधी म्हणायच्या न्हाय," शिवांगी हसली. अनसूयालाही ते ठाऊक होतं. तरी तिने वेणीला आणखी एक पीळ दिला. हाताला काही तरी काम हवं होतं.

डोंगरीच्या त्या घरात एक रीत होती. थोरल्या नातीची शाळा संपली की आजी आपली मासळीची टोपली तिच्या डोक्यावर ठेवायची. आत नारळ, हिरवा चुडा. शेजारणी ओवाळायच्या, कौतुक करायच्या आणि सहा महिन्यांत पोर सासरी जायची. अनसूयाच्या माहेरीही हेच, फक्त तिथे शाळा संपायचीही वाट कुणी पाहिली नव्हती. तिच्या डोक्यावर टोपली आली तेव्हा ती सातवीत होती आणि त्या दुपारी तिची चित्रकलेची परीक्षा राहून गेली. वीस वर्षं ती केबिन रोडच्या कोपऱ्यावर बसून मासळी विकत होती, पण त्या परीक्षेत कसलं चित्र काढायचं होतं हे तिला अजून कळलेलं नव्हतं.

केबिन रोडवरच, ती बसायची त्याच्या समोरच्या इमारतीत, मुलांना पुढच्या वाटा सांगणारं सरकारी केंद्र होतं. दोन खोल्या, एक कपाट, बाहेर लाकडी बाक आणि आत मनोरमाबाई. कुणाचंही पोर यावं, बसावं, बोलावं. बाई घाई करत नसत. एका पोराला तीन-तीनदा बोलवत, आणि पोर आलंच नाही तर स्वतः बस पकडून त्याच्या घरी जात.

तशाच त्या गेल्या हिवाळ्यात शिवांगीसाठी डोंगरीला आल्या होत्या. किनाऱ्यावर तिच्या बापाच्या, लीलाधरच्या होडीचं इंजिन उघडलेलं होतं आणि शिवांगी कोपरापर्यंत काळी होऊन त्यात हात घालून बसली होती. लीलाधर गावभर फुशारकी मारायचा, "माझी पोर नुसत्या आवाजावरून सांगते, कुठं बिघडलंय." पण त्या आवाजाचं पुढे काय करायचं, हे त्याच्या मनात कधी आलं नव्हतं. बाई होडीच्या काठावर बसल्या. तासभर नुसतं पाहिलं. मग म्हणाल्या, "लीलाधरदादा, हिला आयटीआयला घाला. डिझेल मेकॅनिक. मुलींना घेतात तिथे."

लीलाधर गोंधळला. उत्तनला अल्पेश नावाच्या मुलाच्या घरी तिच्या लग्नाचं बोलणं सुरू झालेलं. पण बाई सरकारी, घरी चालत आलेल्या. तो म्हणाला, "निकाल लागू दे. मग केंद्रात येतो. तिथं जे सांगतील तसं करीन. सरकारी माणसाचा शबुद मी मोडणार न्हाय."

जिजाबाईने, त्याच्या आईने, तोंड वाकडं केलं. पण टोपली माळ्यावरच राहिली.

त्या शब्दावर अनसूयाने पाच-सहा महिने काढले होते.

त्या सोमवारी तिघं केंद्रात पोचली तर बाक बाहेर जिन्याखाली ढकललेला. दोन खोल्यांच्या जागी काचेचं दार, आत एसी, भिंतीवर टाय लावलेल्या हसऱ्या मुलांची चित्रं. टेबलामागे चंदन नावाचा तरुण. त्याने आधी नाक आक्रसलं, मग हसला.

"बोलिए मौसी."

"मनोरमाबाई हायेत?"

"वो पोस्ट ही बंद हो गया. अब सेंटर हमारा प्रायव्हेट क्लास चलाता है. काम गव्हर्नमेंट का ही है, पैसा भी गव्हर्नमेंट का. बस, सिस्टिम अपडेट हुआ है." त्याने कौतुकाने कॉम्प्युटरवर थाप मारली. "पहले मॅडम घंटो बातें करती थी. अब दस मिनट में रिझल्ट."

सुधारणा म्हणतात ती हीच. माणूस काढून टाकायचा आणि त्याच्या खुर्चीला चाकं लावायची.

शिवांगी पडद्यापुढे बसली. प्रश्न सगळे इंग्रजीत. तिने एकदोन शब्द लावायचा प्रयत्न केला, तेवढ्यात चंदनने माऊस स्वतःकडे ओढला. "मैं भर देता हूँ, टाइम बचेगा. लोगों से बात करना पसंद है?"

"हो."

"घर सजाना? बच्चों को संभालना?"

शिवांगीने आईकडे पाहिलं. मग धीर करून विचारलं, "इंजिनाचं काय न्हाय का यात? मशिनीचं?"

"वो बॉईज का सेक्शन है. यहाँ फीमेल डाला ना, तो वो खुलता ही नहीं."

"मग उघडा ना!" अनसूया पुढे झाली.

"मौसी, मैं कैसे खोलूँ? सिस्टिम ने बनाया है."

यंत्राने तीन कोर्स सुचवले. ब्युटी पार्लर, शिवणकाम, बालवाडी. तिन्ही त्याच क्लासमध्ये, वरच्याच मजल्यावर. "आज ॲडमिशन लिया तो ठीक," चंदन म्हणाला.

लीलाधर मात्र हलका झाला. इतके दिवस बाईंच्या बोलण्याचं ओझं त्याच्या मानेवर होतं, ते कुणी तरी उतरवून घेतल्यासारखा. जिना उतरताना म्हणाला, "बघ, सरकारनंच सांगितलं. पार्लर काय, लग्न झाल्यावर बी शिकंल." बसमध्ये शिवांगीने दोन्ही वेण्या सोडून टाकल्या.

गुरुवारी अल्पेशची आई आली. जिजाबाईने टोपली माळ्यावरून काढून शेणाने सारवून ठेवली होती. नारळ, चुडा, हळदकुंकू. शेजारची चंपा आरती घेऊन उभी.

"केंद्रात बी गेले होते हो," जिजाबाई पाहुणीला सांगत होती. "सरकारी मशिनीनं सांगितलं, पोरीला घरातलंच काम जमंल. आता कुणाचं काय म्हणणं न्हाय."

पाहुणी कौतुकाने मान डोलवत होती. शिवांगी पाटावर बसली होती, मान खाली. तिच्या नखांत अजून ग्रीस होतं. चारदा घासूनही निघालेलं नव्हतं. अनसूयाची नजर त्या नखांवर गेली आणि तिथेच अडकली. हीच बोटं तिने तान्हेपणी मोजली होती, चोखली होती, झोपेत उघडून पाहिली होती.

जिजाबाईने टोपली उचलली. अनसूयाने ती हवेतच धरली. नारळ काढून बाजूला ठेवला आणि भरल्या घरात टोपली पालथी घातली.

चंपाने आरतीचं ताट खाली ठेवलं.

"अपशकुन केलास गो!" जिजाबाई किंचाळली. "पाहुण्यांम्होरं!"

"माझ्या डोक्यावर ठेवली तवा मला कुणी विचारलं न्हाय," अनसूयाचा आवाज फुटत होता, तरी ती थांबली नाही. "त्या मशिनीनं बी हिला विचारलं न्हाय. मग तिच्यात आन् तुमच्यात फरक काय, सांगा ना!"

"मी शबुद दिला होता," लीलाधर उठला.

"बाईंना दिला होता! बाई तुमच्या होडीवर बसल्या, तुमच्या पोरीचं काम बघितलं आन् मग तोंड उघडलं. तो शबुद. मशिनीला तुम्ही कुठून ओळखता? तिनं तुमची पोर बघितली तरी का?"

लीलाधर परत खाली बसला. पाहुणी चहा न घेता उठली. जाता जाता म्हणाली, "असल्या आईची पोर आम्हाला नको." अनसूयाने दार पूर्ण उघडून दिलं.

आयटीआयचा अर्ज शनिवारी गेला, आईच्या सहीने. जिजाबाई अजून अनसूयाच्या हातचं जेवत नाही. लेक होडीच्या इंजिनाला कान लावून बसलेली दिसली की अनसूयाला तेवढंच पुरतं.

पण चंपाचीही पोर पुढल्या वर्षी दहावी होणार होती. ती हळूच म्हणाली, "अनसूये, तुझ्या पोरीला बाई भेटली होती गो. माझीला कोण सांगंल?"

त्या प्रश्नाने अनसूयाला झोप लागू दिली नाही. दुसऱ्या दिवशी तिने बाजारातल्या बायकांना तोच प्रश्न विचारला. पुढच्या सोमवारी केबिन रोडवर सुकट घेऊन आलेल्या बायका बाजारात बसल्याच नाहीत. त्यांनी जिन्याखालचा बाक ओढून काचेच्या दारासमोर आणला, टोपल्या भिंतीशी लावल्या आणि बसल्या. उरलेल्या खाली बसल्या. सुकटीचा वास एसीत शिरला.

चंदन नाकाला रुमाल लावून बाहेर आला. "मौसी, ये क्या है? किससे मिलना है?"

"बाईंना."

"बोला ना, वो नहीं हैं. वापस नहीं आएगी."

"मग दुसरी बाई आणा," अनसूया म्हणाली. "पोरीशी बोलणारी. पैसा सरकारचा हाय ना? म्हंजे आमचा बी हाय." तिने पदर खोचला आणि चंपासाठी बाकावर जागा केली. "येईस्तोवर आम्ही बसलोय."

आपल्या गावातलं असं एखादं दार काचेचं झालं असेल, तर आत एकदा डोकावून या. मुलीशी कोण बोलतंय ते पाहा. कुणीच बोलत नसेल, तर बाहेरच्या बाकावर जागा आहे.