फुंकरीने उतरलेले विष

सकाळचा उजेड आमच्या मधल्या खोलीत कधी एकदम शिरत नसे. आधी तो खिडकीच्या गजांवर थबके, मग भिंतीवरून ओघळत कपाटाच्या काचेवर उतरे आणि तिथून वळून, पावले न वाजवता, पाळण्यापाशी येऊन उभा राही. त्या पहिल्या उजेडात एक फिकट निळसर छटा असते. दुधाच्या भांड्यावर, दोरीवरच्या दुपट्यांवर, आईच्या पांढऱ्या केसांवर ती रेंगाळे. अलीकडे ती दादाच्या तान्ह्या मुलीच्या ओठांवरही रेंगाळू लागली होती.

"भाऊजी, हिचे ओठ बघा ना," वहिनी म्हणाली.

"पहाटेचा उजेड आहे, वहिनी. ऊन वर आलं की जाईल."

ऊन वर आले. बाळ मात्र रडेनासे झाले. उचलले की तिची मान कलंडे.

आईने फुंकरबुवांना निरोप धाडला. वहिनीने स्वयंपाकघराचे दार लोटले आणि कोपऱ्यावरच्या दवाखान्यात फोन केला.

बुवा आधी पोहोचले. त्यांच्यामागून अर्धी गल्ली अंगणात शिरली. या गृहस्थांचे सारे भांडवल म्हणजे तोंडातली हवा; पण त्या हवेने म्हणे विहिरीतले विष उतरे. आमच्या विहिरीचे घोटभर पाणी त्यांनी काचेच्या पेल्यात घेतले, कुपीतल्या बिनरंगी तीर्थाचे थेंब टाकले, वर पांढऱ्या भुकटीची चिमूट सोडली.

पाणी गुलाबी झाले. अंगणभर श्वास रोखले गेले.

"पाहा, विष बोलू लागलं!" बुवा गरजले. "आतापर्यंत मुकं होतं. माझ्यासमोर त्याची चोरी चालत नाही!"

त्यांनी पेल्यात बारीक नळी बुडवली, डोळे मिटले आणि फुंकू लागले. बुडबुडे उठले. गुलाबी रंग फिका होत गेला आणि पाहता पाहता पाणी काचेसारखे नितळ झाले.

"विष माझ्या पोटात गेलं, माई. श्वासात तप असावं लागतं, येरागबाळ्याचं काम नव्हे!" मग ते आमच्या पाण्याच्या हंड्यावर फुंकर घालून म्हणाले, "याच पाण्यात डब्याचं दूध कालवून पाजा. आणि सुई टोचून घेतलीत, तर केलेलं सगळं उलटेल. मग मला बोल लावायचा नाही."

आईने बाळ वहिनीच्या हातून घेतले. बाटली भरलेलीच होती. ती बाळाच्या ओठांशी गेली तोच अंगणाच्या दारातून आवाज आला, "बाटली खाली ठेवा, आजी."

डॉक्टरीणबाई गर्दी सारत आत आल्या. त्यांनी बाळाची नखे पाहिली, छातीला स्टेथोस्कोप लावला.

"दूध कशात कालवता?"

"विहिरीच्याच पाण्यात. हिच्या आईला ताप आला आणि दूध आटलं, तेव्हापासून," आई म्हणाली. "पण हयगय नाही हो माझी! पाणी अर्धं होईस्तोवर उकळते."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. "हिला आत्ता, या क्षणी रुग्णालयात न्यायचंय. गाडी बाहेर उभी आहे."

आईने बाळाला छातीशी घट्ट धरले. "बुवांनी सुईला नाही म्हटलंय." दाराशी चार-सहा जण आडवे आले. बाळाचा श्वास उथळ होत चालला होता, आणि मी भिंतीला टेकून नुसता पाहत होतो.

डॉक्टरीणबाई बुवांकडे वळल्या. मग हात जोडून म्हणाल्या, "बुवा, मलाही चमत्कार पाहू द्या. एक पेला पुन्हा गुलाबी करा."

एवढ्या लोकांत नाही म्हणणे बुवांना शोभले नसते. पेला गुलाबी झाला. ते नळी उचलणार तोच बाईंनी ती पुसून आईपुढे धरली.

"आजी, तुम्ही फुंका."

"मी? माझ्यात कुठलं तप?"

"नातीसाठी फुंका."

बाळाला एका हाताने सावरत आई फुंकू लागली. तिच्या श्वासाने बुडबुडे उठले. रंग फिका झाला, आणि गेला.

"माईंना सिद्धी कधी मिळाली?" मागून कोणीतरी विचारले. हशा उठला.

"हा माझ्या सान्निध्याचा प्रभाव!" बुवा म्हणाले.

"मग सान्निध्यासकट गाडीत बसा. रुग्णालयात फार गरज आहे," वहिनी कडाडली. बुवांची नजर आपल्या चपला शोधू लागली.

बाई भराभर बोलल्या, "ती भुकटी म्हणजे धुण्याचा सोडा. कुपीतलं रसायन सोड्याच्या पाण्यात गुलाबी होतं. आपण बाहेर सोडतो त्या श्वासात कार्बन डायऑक्साइड असतो. तो पाण्यात विरघळला की सौम्य आम्ल तयार होतं. सोड्याचा जोर मोडतो, रंग जातो. नळी धरता आली तर बैलही हे करील."

"आणि विष?" आईने विचारले.

"विहिरीत असलं, तर ते अजून तिथंच आहे. त्याला रंग नाही, वास नाही. मागच्या गोठ्याचं शेण-मूत मातीत मुरतं, मातीतले जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते विहिरीत झिरपतं. मोठ्यांना सहसा जाणवत नाही. तान्ह्या पोटात मात्र त्याचं नायट्राइट होतं आणि रक्ताला प्राणवायू वाहू देत नाही. उकळून जंतू मरतात, आजी. नायट्रेट मरत नाही. ते जिवंतच नाही. पाणी आटतं, ते उरतं."

आईने एकदा अंगणातल्या चुलीवरच्या पातेल्याकडे पाहिले. मग बाळ बाईंच्या हाती दिले. दाराशी आडवे आलेले लोक बाजूला सरले.

रुग्णालयात बाळाचे रक्त नळीत घेतले, तेव्हा ते चॉकलेटी होते. हवेत हलवूनही लाल होईना. मग तिच्या शिरेत एक औषध सोडले. ते गडद निळे होते. त्या निळ्याने हे निळे उतरले. संध्याकाळी तिची नखे गुलाबी झाली आणि ती भोकाड पसरून रडली. विहिरीच्या पाण्याच्या तपासणीतही नायट्रेटच निघाले.

पाणी शुद्ध झाले असे कोणी सांगितले, तर सांगणारा बुवा असो वा घरचे मायेचे माणूस, त्याला विचारावे: कशावरून? डोळ्यांना दिसते तेवढ्यावर भागत नाही. पाणी तपासून घ्यावे, आणि मूल निळे पडले तर आधी डॉक्टर गाठावा.

बाळ घरी आल्यावरच्या पहिल्या सकाळी मी पुन्हा पाळण्याशी उभा राहिलो. उजेड गजांवर थबकला, काचेवरून उतरला, दुपट्यांवर निळसर रेंगाळला. तिच्या ओठांवर तो रेंगाळला नाही. उजेडाला मी इतके दिवस उगाच बोल लावत होतो.

तेव्हा तर तिचे ओठ भर दुपारीही निळे असत.